अजून निदान न झालेल्या दुखण्याविषयी

अबर्डीन, स्कॉटलंड

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी "पण नेमकं झालंय काय?" असे विचारले, तेव्हा "अजून ठरलेलं नाही" यापलीकडे मला काही सांगता आले नाही. मी काहीतरी दडवते आहे असे तुम्हाला वाटले, हे आईच्या आवाजावरून कळले. मी काहीही दडवलेले नाही. डॉक्टरांना जेवढे ठाऊक आहे तेवढे सगळे या पत्रात लिहिते आहे.

डाव्या पायाचा बधिरपणा आणि मुंग्या तुम्हाला माहीत आहेतच. त्यात आता एक भर पडली आहे. मान पुढे वाकवली की पाठीच्या कण्यातून खाली विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. याला लेर्मिटचे लक्षण म्हणतात. मज्जारज्जूतील तंतूंवरचे आवरण दुखावले की असे होऊ शकते. मात्र ते आवरण कशामुळे दुखावले, हे त्यावरून समजत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण दुखावते, तो आजार) हे लक्षण दिसते आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही दिसते.

एमआरआयमध्ये मेंदूच्या श्वेतद्रव्यात काही पांढरे ठिपके आले आहेत, आणि अहवालात त्यांच्यापुढे 'अविशिष्ट', म्हणजे कोणत्याही एका आजाराची खूण नसलेले, असे लिहिले आहे. असे ठिपके वर्षानुवर्षे अर्धशिशी असणाऱ्यांच्या मेंदूत आढळतात (माझी अर्धशिशी शाळेपासूनची आहे), रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये आढळतात आणि वाढत्या वयात कोणताही त्रास नसलेल्या माणसांतही आढळतात. मल्टिपल स्क्लेरोसिसचे ठिपके बहुधा मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांना लागून, मेंदूच्या बाह्यस्तराजवळ, मेंदूच्या देठात किंवा मज्जारज्जूत असतात. माझे ठिपके तसे ठळकपणे त्या जागी नाहीत आणि मज्जारज्जूच्या चित्रात काहीच दिसले नाही. तरीही डॉक्टर ती शक्यता पुसून टाकायला तयार नाहीत, आणि मला त्यांचा हा सावधपणा पटतो. त्या आजाराचे निदान करण्यासाठी इजा मज्जासंस्थेत वेगवेगळ्या ठिकाणी आणि सहसा वेगवेगळ्या वेळी झाल्याचा पुरावा लागतो. पाठीतून पाणी काढून तपासल्यास थोडी मदत होते, पण माझ्या बाबतीत तूर्त थांबून सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायचे ठरले आहे. या थांबण्याला दुर्लक्ष समजू नका. नवा ठिपका उमटतो की नाही, हे मधला काळ गेल्याशिवाय कळूच शकत नाही.

आई, तू इथल्या थंडीला दोष देतेस. स्कॉटलंडमध्ये, विशेषतः उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर, मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण जगात फार वरचे आहे, त्यामुळे इथल्या डॉक्टरांच्या मनात ती शंका लवकर येते, एवढे खरे. मी इथे आले म्हणून मला काही झाले, असा अर्थ त्यातून निघत नाही.

रक्तात बी-१२ कमी निघाले आहे आणि त्याची इंजेक्शने एक दिवसाआड सुरू आहेत. पायाचा त्रास निव्वळ त्यामुळे असेल तर तो हळूहळू उतरेल, कदाचित पूर्ण उतरणारही नाही, असे मला स्पष्ट सांगितले आहे. मी यावर फार मोठी आशा बांधलेली नाही, पण उपाय करण्याजोगे एक कारण हाती लागले याचा मला मनापासून आनंद आहे.

रात्री भीती वाटते, हे खोटे कशाला सांगू? अंथरुणावर पडले की पायाचे प्रत्येक स्फुरण मोजले जाते. डॉक्टरांनी सांगितले आहे की नवे लक्षण सलग चोवीस तास टिकले तर लगेच कळवायचे. क्षणभर येऊन जाणाऱ्या मुंग्यांमागे धावायचे नाही. ही मर्यादा आखून मिळाल्यापासून मला पुष्कळ शांत वाटते. जे दिवसभर टिकते तेवढेच वहीत तारखेसह लिहिते, कामावर जाते, संध्याकाळी चालून येते.

मिरजेच्या डॉक्टरांना दाखवण्याची बाबांची सूचना मला मान्य आहे. नुसत्या अहवालाचा कागद न्यायचा नाही. मी एमआरआयची मूळ चित्रे पाठवते आहे, ती त्यांनी स्वतः पाहिली पाहिजेत. मात्र मला समोर बसवून, पायावर हातोडी मारून, टाचणी टोचून जे कळते ते चित्रांत नसते, म्हणून त्यांच्या मतानंतर इथले उपचार परस्पर बदलायला सांगू नका. आत्याला आणि इतरांना "तपासण्या चालू आहेत" इतकेच सांगा. कुणी आजाराचे नाव सुचवले तर ते फोनवर माझ्यापर्यंत आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक. आपले घर शाकाहारी, आणि बाबा कितीतरी वर्षे साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात. त्या गोळीनेही बी-१२ कमी होऊ शकते. रात्री पाय बधिर होतात असे ते गेल्या दिवाळीत म्हणाले होते. या आठवड्यात दोघांचीही बी-१२ तपासणी करून घ्या. त्याआधी आईने औषधाच्या दुकानातून फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आणून सुरू करू नयेत, कारण बी-१२ कमी असताना त्यांनी रक्तातला दोष झाकला जातो आणि नसांचे नुकसान आतून चालूच राहते. आकडे आले की लगेच मला पाठवा.

तुमची,
मृणाल