‘धोकादायक’ ठरवण्याआधी वारसा यादी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की कोकणातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती धोकादायक इमारतींना नोटिसा काढतात. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम १९५ खालची ही नोटीस आवश्यकच आहे. भिंत पडून माणूस दगावला तर जाब मुख्याधिकाऱ्यांनाच द्यावा लागतो. पण किनाऱ्यावरच्या गावांतली जुनी घरे, पेढ्या, धर्मशाळा आणि शाळांच्या इमारती बहुतेक वेळा याच नोटिशीच्या वाटेने जातात. नोटिशीत ‘दुरुस्त करा किंवा उतरवा’ असे दोन पर्याय लिहिलेले असतात. पाऊस तीन आठवड्यांवर आलेला असतो, सुतार-गवंडी मिळत नाहीत आणि मालक मुंबईत असतो. मग उरतो तो दुसराच पर्याय. घर एकदा जोत्यापर्यंत उतरले की पुढचा अर्ज नव्या बांधकामाचा असतो आणि तिथे काय होते हे तपासायचे कारणच कोणाला राहत नाही.

हे थांबवायचा अधिकार नगरपरिषदेकडेच आहे, हे फार थोड्या नगरसेवकांना माहीत असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधली वारसा इमारतीची व्याख्या पाहा. वास्तुकलेचे, सौंदर्याचे, इतिहासाचे किंवा संस्कृतीचे मूल्य असलेली आणि नियोजन प्राधिकरणाने तशी जाहीर केलेली इमारत ती वारसा इमारत. नगरपरिषदेच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण नगरपरिषद स्वतःच असते. पुरातत्त्व खात्याने येऊन पाटी लावण्याची वाट पाहायची गरज नाही. विकास योजनेत अशा इमारती आणि परिसर दाखवण्याची सोय कलम २२ मध्ये आहे. योजनेच्या सुधारणेला वीस-वीस वर्षे लागतात, म्हणून यादी तोवर अडवून ठेवू नये. कलम ३७ खाली फेरबदल करता येतो. त्यासाठी सभेचा ठराव, जाहीर सूचना, महिनाभर हरकती-सूचना, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी एवढे टप्पे आहेत.

संरक्षित स्मारक आणि वारसा इमारत यांत लोक नेहमी गल्लत करतात. रत्नागिरीचा थिबा राजवाडा राज्याच्या कायद्याने संरक्षित आहे, तर सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग केंद्राच्या. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या पट्ट्यातले पाच आहेत. मात्र किल्ला यादीत गेला म्हणून किनाऱ्यावरची बाजारपेठ सुरक्षित झाली असे नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. सिंधुदुर्ग कुरटे बेटावर असल्यामुळे हे अंतर बरेचसे पाण्यावरच पडते. मालवणच्या जुन्या पेठेतल्या कौलारू घरांना त्याचा उपयोग नाही.

विजयदुर्गाची गोष्ट उलटी आहे. तिथे किल्ल्याला लागूनच वस्ती आहे आणि ‘इथे काहीच करता येत नाही’ असा समज पक्का झालेला आहे. तो चुकीचा आहे. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम आणि पुनर्बांधणी चालत नाही. पण घर १६ जून १९९२ पूर्वीचे असेल तर दुरुस्ती व नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जायला हवा, त्यांनी दोन महिन्यांत शिफारस द्यायला हवी आणि त्यापुढे महिनाभरात निर्णय कळायला हवा, अशी कायद्यात मुदत घातलेली आहे. घर १९९२ पूर्वीचे आहे हे दाखवायला जुना आकारणी उतारा आणि मिळकत पत्रिका जोडावी. हे न सांगितल्यामुळे माणसे दुरुस्तीच करत नाहीत आणि घर आपोआप पडते. ग्रामपंचायतीने ही माहिती कार्यालयाच्या फलकावर लावली तरी पुष्कळ काम होईल.

आता यादीबद्दल. ‘अमुक यांचे घर, बाजारपेठ’ अशा एका ओळीची यादी केली तर ती निरुपयोगी ठरते. दहा वर्षांनी बदलाचा अर्ज येतो तेव्हा अभियंत्याला ताडून पाहायला काहीच नसते. प्रत्येक इमारतीचे एक स्वतंत्र पत्रक हवे. त्यात सिटी सर्व्हे नंबर, चारही बाजूंचे फोटो, दर्शनी बाजूचे मापासह रेखाटन, भिंत व छपराचे साहित्य आणि सर्वांत महत्त्वाचे, काय बदलू नये हे तीन-चार ओळींत स्पष्ट लिहिलेले असावे. उदाहरणार्थ: ‘रस्त्याकडची पडवी, तिचे लाकडी खांब, वळचणीची उंची व कौलारू उतार कायम ठेवावा, मागची पडवी व न्हाणीघर बदलण्यास हरकत नाही.’ असे लिहिले की मालकालाही आपले हात कुठे मोकळे आहेत ते कळते.

यादी देवळे आणि वाडे यांच्यापाशी थांबू नये. अलिबागची १९०४ ची भूचुंबकीय वेधशाळा, रत्नागिरीचे १९३१ चे पतितपावन मंदिर, बंदरावरच्या वखारी, जांभ्याच्या पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा), गडगे (दगडी कुंपणे), तळी हे सगळे यादीत यावे. पाखाडीचे तर विशेष. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर काँक्रीट ओतले की पाणी सांध्यांतून मुरायचे थांबते आणि खालच्या घराच्या जोत्यावर जाऊन आदळते.

श्रेणीबद्दलही भीती फार आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियम लागू आहेत. त्यांतली ढोबळ विभागणी इथेही पुरेशी आहे. श्रेणी १ मध्ये मजबुतीसाठी लागेल त्यापलीकडे हात लावायचा नाही. श्रेणी २ मध्ये आतले बदल आणि नवा वापर चालतो, बाहेरचे बदल तपासून. श्रेणी ३ मध्ये विस्तारही चालतो, आणि इमारत खरोखर असुरक्षित झाली तर पुनर्बांधणीसुद्धा. आपल्या गावांतली बहुतेक घरे श्रेणी ३ मध्येच बसतील.

मालकांची एक तक्रार मात्र खरी आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे एरवी घराच्या आतली किंवा बाहेरचे रूप फारसे न बदलणारी कामे परवानगीविना करता येतात. वारसा इमारतीला ही सवलत नाही. म्हणजे यादीत नाव आले की चार फुटकी कौले बदलायलाही अर्ज करावा लागेल, या भीतीने लोक हरकत घेतात. यावर उपाय आहे. ‘जसे होते तसे’ करायच्या कामांची यादी नगरपरिषदेने आधीच मंजूर करून ठेवावी: कौले परतणे, रिपा बदलणे, वाशांची कुजलेली टोके जोडणे, चुन्याचा गिलावा, चुन्याची सफेदी. दोन फोटो आणि एक पानी अर्ज आला की सात दिवसांत अभियंत्याने सही करावी. नगरपरिषदेने नेमायच्या वारसा समितीपुढे जावे ते छपराचा आकार बदलणे, स्लॅब टाकणे, दर्शनी बाजू फोडणे, मजला चढवणे आणि पाडकाम. वादळानंतरच्या तातडीच्या कामालाही याच सोप्या वाटेत जागा हवी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत किती छपरांवर कौलांच्या जागी पत्रे आले ते सर्वांनी पाहिले आहे.

स्लॅब आणि सिमेंट यांच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘मजबुतीकरण’ या नावाखाली याच दोन गोष्टींना डोळे झाकून परवानगी मिळते. चार इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो. कौले, रिपा आणि वासे मिळून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही होत नाहीत. जुनी भिंत चिऱ्याची (जांभ्याच्या घडीव दगडाची) असली तरी आतले सांधे बरेचदा मातीने भरलेले असतात. तिच्यावर हे वजन येते, शिवाय उन्हाने स्लॅब फुगून भिंतीचा वरचा थर बाहेर ढकलतो. दोन-चार पावसाळ्यांत स्लॅबखाली आडवी भेग दिसते. जांभा सच्छिद्र आहे. जोत्यातून चढलेली ओल त्याला बाहेर सोडता आली पाहिजे. सिमेंटच्या गिलाव्याने ती आत कोंडते, खाऱ्या हवेतले मीठ गिलाव्यामागे साठून त्याचे स्फटिक होतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग भुगा होऊन गळतो. गिलावा ठोकला की पोकळ वाजतो तो त्यामुळे. चुन्याचा गिलावा झिजतो, पण चिरा वाचवतो. तो वाळायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या सुमारास संपवायला हवा.

धोकादायक ठरवण्याची पद्धतही सुधारायला हवी. मातीने सांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर काँक्रीटसाठी बनवलेली रिबाउंड हॅमर चाचणी (ठोका देऊन पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारी) घेऊन ‘नापास’ असा अहवाल जोडला जातो. त्या आकड्याला तिथे काही अर्थ नाही. अशा घराची पाहणी वेगळी असते. ओळंबा लावून भिंत किती कलली आणि कुठे फुगली ते मोजायचे. भेगेवर प्लास्टरची पट्टी मारून तारीख घालायची. ती महिन्याभरात तडकली तर भेग जिवंत आहे, नाहीतर जुनी आणि थांबलेली. वळचणीपाशी प्रत्येक वाशाच्या टोकात टोचा घालून पाहायचा. लाकूड बहुधा शेवटच्या दोन-अडीच फुटांतच कुजलेले असते, कारण पागोळ्या तिथेच पडतात. तेवढे कापून नवा तुकडा सांध्याने जोडला तर वासा टिकतो. भालाखालचा (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाखालचा) खांब आणि भिंतीत गेलेले तुळईचे टोक वाळवीसाठी तपासायचे. या पाहणीला अर्धा दिवस पुरतो आणि बऱ्याच घरांना पाडकामाऐवजी दोन टेकू आणि नवी वळचण पुरते, असा निष्कर्ष निघतो.

म्हणून नोटीस मेमध्ये नव्हे, दसऱ्यानंतर काढावी. यादीतल्या इमारतीबाबत पाडकामाचा आदेश देण्याआधी अशी पाहणी करून अहवाल जोडणे बंधनकारक करावे. माणसांना लगेच धोका असेल तर घर रिकामे करून टेकू द्यावेत. तेवढ्यासाठी पाडणे आवश्यक नसते. अर्जांवर वेळेत निर्णय व्हावा, कारण ६० दिवसांत उत्तर न गेल्यास नियमांत बसणारा प्रस्ताव नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे मंजूर झाल्याचे मानले जाते. यादी किंवा तिचे नियम नसतील तर जुने घर पाडून बांधायचा प्रस्तावही नियमांत बसतो.

समितीत निदान एक संरचना अभियंता चिऱ्या-लाकडाचे काम जाणणारा आणि एक जुना सुतार किंवा गवंडी असावा. सुतार-गवंड्याला समितीत घ्यायला कचरू नये, छपराबद्दल त्यांच्याइतके कोणाला कळत नाही. समितीची शिफारस डावलायची असेल तर मुंबईच्या नियमांप्रमाणे कारणे लेखी नोंदवावीत आणि ती संकेतस्थळावर टाकावीत.

राहिला मोबदल्याचा प्रश्न. वारसा इमारतीच्या मालकाला विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे स्वतःच्या जागेवर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकण्याची मुभा, देण्याची कल्पना मुंबईत चालते. वेंगुर्ला किंवा राजापूरसारख्या गावात तो हक्क विकत घ्यायला गिऱ्हाईक मिळत नाही. तिथे घरपट्टीत सूट, दुरुस्तीच्या परवानगीला शुल्क माफ आणि नगरपरिषदेने ठेवलेला चुना, कौले, लाकूड यांचा साठा वाजवी दराने देणे हेच उपयोगी. घरपट्टीच्या सवलतीसाठी सभेने ठराव करून तो शासनाकडे पाठवावा.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक नगरपरिषदेने येत्या सर्वसाधारण सभेत यादीचा ठराव घ्यावा आणि पहिल्या टप्प्यात निदान मुख्य बाजारपेठेतल्या इमारतींची पत्रके दिवाळीपूर्वी तयार करावीत. आपल्या वार्ताहरांनी मुख्याधिकाऱ्यांना एवढेच विचारावे: गेल्या पाच वर्षांत कलम १९५ खाली किती कौलारू इमारती उतरवल्या आणि त्यांपैकी किती इमारतींच्या नस्तीत वासे व भिंतींच्या प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल आहे?

आपला,
एक वास्तुविशारद, रत्नागिरी