कऱ्हेबद्दल, तू विचारलंस म्हणून

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालीस की सासवडच्या पुलावरून जाताना मैत्रिणीने विचारलं, हा कसला ओढा गं, आणि तुला काही सांगता आलं नाही. फोनवर सांगत बसले असते तर तू "हो आई, बरं आई" करून कट केला असतास, म्हणून लिहूनच काढते.

तो ओढा नाही, कऱ्हा आहे. वर्षातले बरेच महिने कोरडी असते हे खरं, पण त्यात तिचा काय दोष? नकाशा उघड. सह्याद्रीची मुख्य रांग पश्चिमेला राहते, पाऊस तिकडेच रिकामा होतो आणि पुरंदरपर्यंत ढग पोचतात ते उरलेसुरले. उत्तरेला दिवे घाटाची रांग, दक्षिणेला पुरंदर-वज्रगडाची. घाटाच्या पलीकडे पडलेला थेंब मुळा-मुठेला जातो, अलीकडे पडलेला कऱ्हेला, आणि पुरंदरच्या दक्षिण उतारावरचा थेट नीरेला. म्हणजे हिच्या वाट्याला दोन डोंगरांमधली एक पट्टी आली, बस. गराड्याच्या बाजूने निघायचं, सासवड, जेजुरीजवळचं नाझरे धरण, मोरगाव, बारामती करत सोनगावजवळ नीरेला मिळायचं. दोन तालुक्यांत संपली. पुढे नीरा भीमेला, भीमा कृष्णेला, तेव्हा आपलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं, पोचलं तर!

पण एवढ्याशा नदीकाठी काय काय झालंय ते बघ. सासवडला सोपानदेवांची समाधी, संगमावर संगमेश्वराचं देऊळ, पुरंदऱ्यांचा वाडा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली सासवडलाच गेले. डोक्यावर पुरंदर किल्ला, १६६५ चा तह तिथलाच, तो तर तू शाळेत पाठ केलायस. खाली मोरगावला अष्टविनायकातला पहिला गणपती. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर अंघोळीला येते. बारामतीत कवी मोरोपंत राहिले, १७९४ पर्यंत, आर्यांवर आर्या लिहीत. आणि आपले आचार्य अत्रे जन्मले सासवडजवळच्या कोडीतला, त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं तेही हिच्याच पाण्याचं, 'कऱ्हेचे पाणी'. मला सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये, माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला कऱ्हेपाशी येते आणि तुकोबांची वेगळ्या रस्त्याने जाऊन बारामतीत कऱ्हेपाशी येते, दोन्ही पालख्या पंढरपूरच्या आधी एकाच छोट्या नदीला भेटतात आणि हे कोणी कधी बोलतच नाही.

आता पाण्याचं. बारामतीचा ऊस बघून लोकांना वाटतं कऱ्हेची कृपा, तर तसं काही नाही, ते पाणी नीरेच्या डाव्या कालव्याचं, भाटघरकडचं. आणि पुरंदरला उपसा योजनेतून मुळा-मुठेचं पाणी डोंगर चढवून आणतात, म्हणजे पुण्याने वापरून सोडलेलंच की. निसर्गाने जे पाणी घाटापलीकडे ठेवलं ते पंपाने अलीकडे. शेतकऱ्याला दुष्काळात ते मिळतं हे चांगलंच, मी नावं ठेवत नाही, पण पुण्याने ते आधी नीट साफ करून सोडावं एवढं म्हणायला काय हरकत आहे? नळ तिकडचे, बिल तिकडचं आणि वास मात्र इकडे.

आणि कोरडी म्हणून हिला गृहीत धरायचं नाही हं. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीत असा पाऊस झाला की नाझरे धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि बारामतीत काठावरच्या लोकांना घरं सोडून जावं लागलं. पात्र रिकामं दिसलं की माणसं त्यात बांधकाम करतात, भराव टाकतात, नदीला जागा ठेवतच नाहीत, मग ती एका रात्रीत सगळी जागा परत मागते. मला तर कऱ्हेचा पूर म्हणजे महिनोन्‌महिने गप्प बसलेल्या सासूचं एकदम बोलणं वाटतं (आजीला हे दाखवू नकोस).

मैत्रिणीला घेऊन ये पावसाळ्यात. दिवे घाटातून या, वर गाडी थांबवा आणि दोन्हीकडचे उतार दाखव तिला. संगमेश्वरापाशी चप्पल जपून ठेवा, पायऱ्यांवर शेवाळ असतं. आणि येताना माझा चष्मा दुकानातून घेऊन ये, तयार झालाय म्हणून मेसेज आलाय.

तुझी,
आई