सुपरवायझर ताईंना

ताई,

तुमचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून 'सुपरवायझर' याच नावाने आहे. तुम्हीच तसा सेव्ह करायला लावला होता. मार्केटात कांद्याच्या गोणी उतरवताना माझा फोन टपरीवर चार्जिंगला असतो, वाजला की कुणीही उचलतं. "अरे, तुझा व्यसनमुक्तीवाल्या बाईंचा फोन!" असं एकदा जरी कुणी ओरडलं असतं, तर मी तुमचा नंबरच उडवला असता.

मेसेजही तसेच. 'चहा झाला का?' म्हणजे सेंटरवर जाऊन आजची गोळी घेतली का. गर्दची तलफ आवरणारी ब्युप्रेनॉर्फिनची ती गोळी गिळायची नसते, जिभेखाली विरघळेपर्यंत तोंड मिटून बसायचं. तेवढा वेळ मी तुमच्या व्हॉइस नोट ऐकायचो. उत्तर द्यायची सोयच नव्हती, म्हणून बरं पडायचं.

टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, गोळीने आवरली. 'गर्दुल्ला' हा शिक्का मात्र आवरेना. घणसोलीला बहिणीकडे गेलो की ती चहा टाकता टाकता टेबलावरचा मोबाइल उचलून आत नेऊन ठेवायची. तिचं तरी काय चुकलं? तिचाच एक मोबाइल मी पुडीपायी तुर्भ्यात विकला होता. रात्री हे तुम्हाला सांगताना मी रडलो. वाटलं, म्हणाल 'मनावर घेऊ नका'. तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी तुम्हीच आधी म्हणा, तायडे, फोन आत ठेव." म्हणालो. ती दोन मिनिटं कपबश्याच विसळत राहिली. फोन मात्र टेबलावरच राहिला.

दाढेच्या वेळचंही आठवतं. ही गोळी चालू असताना दुखण्यावरची काही औषधं नीट लागू पडत नाहीत, म्हणून डॉक्टरांना सांगावंच लागतं. तुम्ही फोनवर डॉक्टर झालात आणि माझ्याकडून चार वेळा घोकून घेतलंत, "मी उपचारावर आहे, हे औषध रोज घेतो." मान खाली घालून बोललेलं तुम्हाला फोनवरही कळायचं, कसं कोण जाणे. पहिल्या दवाखान्यात मी ते वाक्य म्हटलं आणि काउंटरवरच्या बाईंनी पर्स ड्रॉवरमध्ये सरकवली. मला म्हणाल्या, सगळ्यांच्या शेवटी या. बाहेर येऊन तुम्हाला मिस्ड कॉल दिला. तुमचा लगेच उलट फोन. "वाक्य बरोबर होतं, दवाखाना बदलू." दुसरीकडे दाढ निघाली.

आणि पोलिसांची भीती! सुरुवातीला मला वाटायचं, असल्या नंबरवर फोन केला की दारात गाडी उभी राहणार. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ कलम आहे, थोडासा माल सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, हे तुमच्याकडूनच कळलं. मध्यरात्री तुम्हाला उठवायला नको म्हणून १४४४६ हा सरकारी टोल फ्री नंबरही तुम्हीच दिलात. तरी मी तुम्हालाच उठवलं, दोनदा. त्याबद्दल माफी.

गुरुवारी मार्केट सुटल्यावर एका पोराला घेऊन सेंटरवर येतोय. माझ्याच हमालांच्या टोळीतला आहे. त्याच्याकडे फोन नाही, विकला. कशासाठी ते विचारू नका. सध्या माझाच नंबर लिहून घ्या. चहाचं मी त्याला विचारेन.

तुमचा,
कांदा-बटाटा मार्केटवाला