शासकाचा चेहरा नसलेले स्मारक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील शिल्पकलेवरच्या लेखात ‘मूर्ती निषिद्ध, म्हणून अरब देशांत शिल्पकला रुजलीच नाही’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले. शाळेत चित्रकला शिकवताना असली वाक्ये मीही मुलांना सांगितली आहेत, म्हणून राहवत नाही.

बगदादच्या तहरीर चौकात इराकी शिल्पकार जवाद सलीम यांचे ‘नस्ब अल-हुर्रिया’, म्हणजे स्वातंत्र्य स्मारक आहे. १९५८च्या क्रांतीत इराकची राजेशाही गेली आणि त्यानंतर हे काम सलीम यांच्याकडे आले. सुमारे ५० मीटर लांबीच्या आडव्या भिंतीवर ब्राँझचे १४ शिल्पसमूह बसवलेले आहेत. अरबी ओळीसारखे ते उजवीकडून डावीकडे वाचायचे. सुरुवातीला घोडा, मोर्चा, मेलेल्या मुलावर वाकलेली आई. मधोमध गज तोडणारा कैदी आणि झेपावणारा सैनिक. पुढे शेती, बैल, कामगार. दोन शेतकऱ्यांचा हात एकाच फावड्यावर आहे; त्यांत इराकमधले अरब आणि कुर्द हे दोन समाज पाहिले जातात. इराकी कोण, या प्रश्नाचे इतके साधे उत्तर मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

सलीम पॅरिस, रोम आणि लंडनमध्ये शिकले खरे, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बगदादच्या पुराणवस्तू संग्रहालयातही त्यांनी काम केले. प्राचीन इराकमधल्या असिरियन उठावशिल्पांशी झालेली ती ओळख या भिंतीवर दिसते. १९५१मध्ये त्यांनी मित्रांसह ‘बगदाद आधुनिक कला गट’ काढला, तोही आपली जुनी माती आणि नवी कला यांची सांगड घालण्यासाठीच.

क्रांतीनंतर सत्तेवर आलेले पंतप्रधान कासिम यांना स्मारकात आपली छबी हवी होती, असे सांगतात. ती तिथे नाही. सलीम मात्र जानेवारी १९६१मध्ये हृदयविकाराने गेले. स्मारकाचे अनावरण त्यांना पाहता आले नाही. कासिम १९६३मध्ये मारले गेले. सद्दाम यांचा फिरदोस चौकातला पुतळा २००३मध्ये साखळी लावून पाडला, तो आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिला. सलीम यांची भिंत उभीच राहिली, आणि २०१९मध्ये बगदादची तरुण पोरे निदर्शनांसाठी तिच्याच खाली जमली. (पुतळ्यांची हौस असलेल्या आपल्या पुढाऱ्यांविषयी इथे लिहीत नाही, जागा पुरणार नाही.)

एक विनंती. या स्मारकाचे छायाचित्र छापलेत तर पूर्ण लांबीचे छापा. जागेअभावी मधला कैदी तेवढा कापून घेऊ नका.

एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली