श्रावणीची आठवी

बेळगाव,
ता. 14 एप्रिल

प्रिय परशराम,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. श्रावणीला सातवीत साठ टक्क्यांच्या आसपास गुण आहेत आणि आठवीसाठी तुम्हा नवरा-बायकोच्या डोळ्यांसमोर तीन शाळा आहेत: टिळकवाडीतली इंग्रजी माध्यमाची, शहरातलीच जुनी अनुदानित मराठी, आणि तुमच्या शेजारगावचं हायस्कूल. पहिल्या दोन्हींचा दहावीचा निकाल शंभर टक्के, म्हणून मन तिकडे ओढतंय. ते साहजिक आहे. पण गेटवर लागलेल्या त्या फ्लेक्सवर 625 पैकी 610, 615 वाल्यांचे फोटो असतात. 380 वाल्या पोरीचं त्या शाळेत काय झालं, हे त्यावर कुणी छापत नाही, आणि तुला विचारायचंय ते नेमकं तेच.

दहावीच्या वर्षी बहुतेक शाळांत काय चालतं ते सांगतो. वरच्या आठ-दहा मुलांना हेडसर स्वतः बसवून जादा पेपर सोडवून घेतात, कारण तालुक्यात नाव त्यांच्यामुळे होतं. खालच्यांसाठी ‘पासिंग पॅकेज’ असतं: नकाशा भरणे, विज्ञानाच्या ठरावीक आकृत्या, गणितात थेल्सचा सिद्धान्त नि एक आलेख, एवढं घोटून घेतलं की पोरगं निघतं. मधली पोरं दोन्हीकडे नाहीत. ती नापास होणार नाहीत, फोटोतही येणार नाहीत, म्हणून त्यांच्याकडे पाहायला कुणाला सवड नसते. श्रावणी ही त्या मधल्या बाकावरची मुलगी आहे. तेव्हा तिन्ही शाळांत पहिला प्रश्न हा विचार: पन्नास ते सत्तर टक्केवाल्यांसाठी जादा तास आहेत का, कोण घेतं, आठवड्यात किती? उत्तर ‘सगळ्यांकडेच लक्ष देतो’ असं गुळमुळीत आलं तर नाहीत असं समज.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. यंदा दहावीला बसलेली तुकडी दोन वर्षांपूर्वी आठवीत किती होती? समज, आठवीत 120 होती आणि परीक्षेला 96 बसली. मग मधली 24 कुठे गेली? काही बदलीमुळे गेली असतील, पण नववीत कमी गुण पडले की पालकांना बोलावून ‘दाखला काढून न्या, तिकडे बरं पडेल’ असं सांगणाऱ्या शाळा आहेत, आणि शंभर टक्क्यांचं बरंच गुपित तिथे असतं. जोडीला हेही विचार: किती जण 85 टक्क्यांच्या वर, किती प्रथम श्रेणीत, म्हणजे 375 च्या वर, आणि किती काठावर. भरपूर डिस्टिंक्शन आणि त्याखाली एकदम काठावरचे, अशी मधे पोकळी असलेली यादी दिसली तर सावध हो.

गुणांप्रमाणे तुकड्या पाडतात का, आणि शेवटच्या तुकडीला गणित कोण शिकवतं, हेही काढ. त्यासाठी हेडसर नकोत, शिपाईमामा किंवा दहावीतली पोरं खरं सांगतील. आणि एखाद्या ओळखीच्या, साधारण गुणांच्या मुलाची नववीची गणिताची वही मागून घे. पान उलटत बघ. समीकरण सोडवताना −3 पलीकडे नेऊन +3 करायचं राहिलं, तिथे सरांनी नेमकी ती पायरी गोल केलीय आणि खाली पोराने गणित पुन्हा केलंय, तर तो मास्तर कामाचा. पानाच्या शेवटी नुसती लाल बरोबरची खूण नि सही असेल, आणि फळ्यावरचंच उतरवलेलं असेल, तर त्या वहीला अर्थ नाही. निकालपत्रकापेक्षा मी त्या वहीवर जास्त भरवसा ठेवीन.

आता माध्यम. वहिनींची इच्छा इंग्रजीची आहे असं दिसतं. कर्नाटक बोर्डात नववी-दहावीचं गणित-विज्ञान मराठी माध्यमातही एनसीईआरटीच्याच पुस्तकावरून आहे, त्यामुळे इंग्रजीत काही वेगळं शिकवतात असं नाही. पण सातवीपर्यंत ‘परिमेय संख्या’, ‘लसावि’, ‘आम्लारी’ म्हणत आलेल्या पोरीला आठवीत तेच सगळं नव्या नावांनी आणि इंग्रजी वाक्यांत समजून घ्यावं लागतं. हुशार मूल दिवाळीपर्यंत सावरतं. साधारण मूल पाठांतराकडे वळतं, आणि आठवीत बीजगणिताचा पाया कच्चा राहिला की दहावीत तो भरून निघत नाही. शिवाय पहिली भाषा कोणती, हे फॉर्म भरण्याआधी विचार. पहिली भाषा 125 गुणांची, बाकीचे पाचही विषय शंभरचे. त्या शाळेत पहिली भाषा कन्नड असली तर हळेगन्नड म्हणजे जुन्या कन्नडातल्या कवितांसकट पेपर येईल, आणि घरात मराठी बोलणाऱ्या मुलीचे एक पंचमांश गुण तिथे अडकतील. मराठी शाळेत तेच 125 तिला आधार देतील. कन्नड तिला पुढे लागणारच, पण ते पहिली भाषा म्हणूनच घ्यायला पाहिजे असं नाही.

ग्रामीण कोट्याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. बारावीनंतरच्या सीईटी प्रवेशपरीक्षेला ग्रामीण आरक्षण हवं असेल तर पहिली ते दहावी ही सगळी दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. श्रावणीची सात झालीत. आठवीला बेळगावात आणलीस की ती सातही वाया गेली, आणि हे बहुतेकांना बारावीनंतर कळतं. खानापूरसारख्या नगरपंचायतीची हद्दही त्यात ग्रामीण धरत नाहीत. शेजारगावचं हायस्कूल ग्रामपंचायतीत आहे, ते चालतं. दुसरं, प्रवेश अर्जात मातृभाषा ‘मराठी’ अशी स्पष्ट लिहून घे आणि रजिस्टरमध्ये तशीच चढली का ते बघ. सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगसारख्या प्रवेशांत जी सवलत आहे, तिला मातृभाषेचा हा दाखला लागतो.

प्रवास तू मनावर घेतलेला नाहीस. सरकारी बसला मुलींना तिकीट नाही हे खरं, पण सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, वर जादा तास. संध्याकाळी घरी येऊन ती वही उघडणार कधी? जुलैत तुमच्याकडे पावसाने बस बंद पडते ते वेगळंच. शहरात मामाकडे ठेवायची असेल तर या पोरीसाठी मी तरी तो विचार करणार नाही, तेराव्या वर्षी घर सोडण्याइतकं त्या निकालात काही नाही.

इंग्रजी शाळा प्रवेशपरीक्षा घेणार असं लिहिलंस. शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमात आठवीपर्यंत अशी चाळणी लावायला मनाई आहे, मात्र अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना तो कायदा लागू नाही. भांडत बसू नकोस. शाळेनेच चाळणी लावली तर पुढे ती कुणाकडे बघणार हे आधीच कळलं.

माझं मत शेजारगावच्या हायस्कूलच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. तिथे गणिताची पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि विज्ञानाची सीबीझेड (रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र), या शिक्षकांच्या दोन्ही जागांवर कायम माणसं हवीत. अतिथी शिक्षकांवर चालत असेल तर नेमणुका होईतो कधीकधी जुलै उजाडतो आणि वर्षाच्या मध्येच माणूस बदलतो. जागा रिकामी असेल तर जुनी मराठी शाळा घे, कोटा गेला तर गेला. गणिताला मास्तर नसलेल्या शाळेत पोरीला घालून कोटा काय करायचाय?

तोवर घरी एक कर. अपूर्णांक नि ऋण संख्यांची दहा गणितं दे, आणि विज्ञानाचं एक पान वाचून तिच्या शब्दांत दहा ओळी लिहायला सांग. सात गणितं बरोबर आली तर काळजी नाही. चार-पाचच आली तर मे महिना फक्त सहावी-सातवीच्या गणितावर घाल, शाळा कोणतीही असो. मेच्या शेवटी वर्ग भरतात, म्हणून दाखला याच आठवड्यात काढ आणि त्यावरची जन्मतारीख नि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवून बघ. ती वही आणि दहा ओळी मला पाठव.

वहिनींना नमस्कार, श्रावणीला आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर