बाबा, रानाचा इसार घेऊ नका

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला. चिऊला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला हे सांगताना त्याचा आनंद आवाजात मावत नव्हता. आणि लगेच म्हणाला, बाबा ओढ्याकाठचं वीस गुंठे रान विकायला काढायचं म्हणतायत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर बोलले तर मला रडू फुटेल आणि बाबा ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतील, म्हणून लिहायला बसले.

बाबा, आधी खर्च नीट मांडू या. आपल्यासारख्या 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024 पासून शासन भरतं. उरतं राहणं, मेस, लॅपटॉप, पुस्तकं. त्यासाठी जमीन घालवायची? पुण्यात लीला पूनावाला फाउंडेशन 1995 पासून मुलींना शिष्यवृत्ती देतंय. रिलायन्स फाउंडेशन दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाची 5,000 मुलं निवडतं आणि सगळ्या वर्षांचे मिळून 2 लाखांपर्यंत देतं, त्यासाठी ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. फाउंडेशन फॉर एक्सलन्सही इंजिनिअरिंगच्या मुलांना मदत करतं. आणि राहण्यासाठी विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, 1955 पासून खेड्यातल्या मुलांना आधार देणारी. चिऊने सगळीकडे अर्ज करायचे, एकाच्याच भरवशावर राहायचं नाही.

तुमचं मन मला ठाऊक आहे. कुणापुढं हात पसरायचा नाही. माझ्या बारावीनंतर मी एका ट्रस्टचा फॉर्म आणला होता. त्यात ‘कुटुंबाची आर्थिक परिस्थिती’ असा चार ओळींचा रकाना होता. तुम्ही तो वाचलात, फॉर्मची घडी घातलीत आणि कॅलेंडरमागे खोचून ठेवलीत. सही झालीच नाही. त्या जुलैत आईच्या पाटल्या गेल्या. आई, तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. पण तू भाकरी थापताना पाटल्या वाजायच्या, तो आवाज बंद झाला. मला अजून ते आठवतं.

बाबा, तुम्ही साताऱ्याला शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’मध्ये शिकलात. सकाळी मळ्यात राबून वर्गात जायचो, हे तुम्ही आम्हाला किती अभिमानाने सांगता! पण कर्मवीर अण्णांनी लोकांच्या दारात जाऊनच धान्य आणि पैसा उभा केला होता ना? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. तुम्ही शिकलात ते त्या पुण्याईवर. तुम्ही मळ्यात राबलात, चिऊ वर्षभर पहाटे चारला उठून अभ्यासाला बसली. तिनेही मिळवलंच आहे.

दादा तुमच्या शब्दाबाहेर नाही. तुम्ही हो म्हटलंत तरच तो हलेल. त्याला सोमवारीच तलाठ्यांकडे पाठवा, उत्पन्नाचा दाखला यंदाचाच हवा. चिऊचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघायला सांगा. आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, पासबुक, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच असू दे. माझा दुसऱ्या वर्षीचा अर्ज एका अक्षरापायी परत आला होता. हो, कुणी व्हॉट्सॲपवर ‘शिष्यवृत्ती मंजूर, आधी प्रोसेसिंग फी भरा’ म्हणालं तर एक रुपयाही द्यायचा नाही. शिष्यवृत्ती देणारा आधी पैसे मागत नाही.

एवढं करूनही कमी पडलं तर पहिल्या वर्षाची मेस मी भरते. तेवढं मला करू द्या. पण तोवर रानाचा इसार घेऊ नका.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते. फॉर्म घेऊन येईन. तो चार ओळींचा रकाना याही फॉर्मात आहे. त्यात काय लिहायचं ते बाबा, तुम्ही सांगा. चिऊ लिहील.

तुमची,
माई