वॉर्मर दिला, आता आईला आत जागा द्या

संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयांना नवजात बाळांसाठी वॉर्मर, म्हणजे विजेवर ऊब देणारं यंत्र, भेट दिल्याच्या बातम्या येतात. वॉर्मर हवेतच. पण त्याच वेळी जिच्या छातीशी बाळाला ऊब मिळू शकते ती आई बाहेर व्हरांड्यात बसलेली असते, हे फार चुकतं आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ असते, अंगात चरबी जवळजवळ नसते. काखेतलं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ऊब टिकवण्यातच त्याची साखर आणि प्राणवायू खर्च होतो. वीज गेली की वॉर्मर बंद. बाळाच्या पोटावर लावलेला, तापमान मोजणारा प्रोब सुटला तर त्याला खोलीतला गारवा लागतो आणि यंत्र विनाकारण तापत राहतं. प्रोब अंगाखाली दबला तर उलट होतं, बाळ गारठतं. एका वॉर्मरवर दोन बाळं ठेवली तर प्रोब एकाच्याच अंगावर असतो, संसर्ग मात्र दोघांना होऊ शकतो.

आईच्या छातीशी बाळ धरण्याची, म्हणजे कांगारू पद्धत कोलंबियात बोगोटा इथे १९७०च्या दशकाअखेरीस सुरू झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील अभ्यासात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. या अभ्यासात आईला अतिदक्षता कक्षातच खाट दिली. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच छातीशी धरलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

पद्धत सोपी, पण काटेकोर. बाळाला फक्त लंगोट, टोपडं, मोजे. दोन स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, मान एका बाजूला वळवून किंचित वर, पाय बेडकासारखे दुमडलेले. बाळाला आईशी बांधायच्या कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या जरा खाली यावी. कापड छातीवर घट्ट आणि पोटावर सैल हवं, कारण ही बाळं पोटाने श्वास घेतात. मान पुढे झुकली तर श्वासमार्ग दबतो. सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यावं लागतं. एका वेळी किमान तासभर, दिवसाला किमान आठ तास. आईला मागे रेलून बसता आलं नाही तर एवढे तास होणारच नाहीत.

म्हणून देणगीदारांना विनंती: प्रत्येक वॉर्मरसोबत मागे झुकणाऱ्या दोन खुर्च्या, एक पडदा आणि कापडी पट्ट्या द्या. आणि रुग्णालयांनी आई थकली की वडिलांना किंवा आजीला हात धुऊन आत येऊ द्यावं, रात्रीसुद्धा.

— नवजात कक्षातील परिचारिका, नंदुरबार जिल्हा